बिनशेपटाचा फुगा

सरकत्या जिन्याच्या तोंडाशी कुणीतरी थबकलं आणि मागची माणसं एकमेकांवर येऊन थांबली. तिच्या पाठीत कुणाच्या तरी पिशवीचा कोपरा टोचला. पुढे एक बाई उभी होती, उजव्या हातात काठी. वर सरकणाऱ्या पायऱ्यांकडे बघत ती पाऊल उचलायची आणि पुन्हा मागे घ्यायची. फिरत्या दोरीत शिरायची वेळ मुली साधतात, तसं. मागून कुणीतरी म्हणालं, "अहो बाई, जिना दमून थांबायची वाट बघताय का?" दोघं-तिघं हसले. मागे उभी असलेली ती मात्र हसली नाही, कारण तिची नजर त्या बाईच्या काठीवर गेली होती. काठी साधीच, लाकडाची. पण वरच्या टोकाला सायकलच्या हँडलची रबरी मूठ बसवलेली, काळी, बोटांसाठी खाचा असलेली, आणि मुठीच्या शेवटी एक बारीक भोक. ही काठी तिने पाहिली होती. घरी बाबांच्या चित्रं काढायच्या उतरत्या टेबलावर टाचण्यांनी लावलेलं चित्रकथेचं एक पान होतं. त्या पानावरच्या न्यायालयात पहिल्या रांगेत चेहरा न काढलेली एक बाई बसली होती, आणि तिच्या हातात हीच काठी होती, खाचांसकट, भोकासकट. बाबांनी कुठून काढली असेल असली विचित्र काठी, असं मनात येऊन गेलं होतं आणि तिने ते सोडूनही दिलं होतं. आता ती काठी हातभर अंतरावर होती आणि तिचं टोक जिन्याच्या लोखंडी दातांवर टकटक वाजत होतं. क्षणभर, अगदी क्षणभर, तिला वाटलं, कागदावरून उतरून आली. आणि ती स्वतःलाच दचकली, कारण असं वाटणं हे तिचं नव्हतं. ते बाबांचं होतं. कागदावर काढलेलं बाहेर येतं, असं शेवटच्या वर्षांत बाबांना वाटायचं, आणि त्यालाच डॉक्टरांनी नाव दिलं होतं.

"लिफ्ट आहे त्या बाजूला," ती म्हणाली. आपला आवाज तिला दुसऱ्याच कुणाचा वाटला.

"माहितीये हो ताई," काठीवाली न वळताच म्हणाली. "पण रोज म्हणते, आज जिना. आणि रोज जिना म्हणतो, उद्या." मग ती बाजूला झाली, माणसांचा लोंढा वर निघून गेला, आणि त्या दोघी लिफ्टकडे चालू लागल्या, म्हणजे काठीवाली चालू लागली आणि ही तिच्या मागोमाग. हिला खरं तर वर जायचंच नव्हतं. ऑफिसातून जेवणाच्या सुट्टीत ती शाईची बाटली आणायला बाहेर पडली होती, बाटली पिशवीत होती, आणि खालच्याच दाराने परत जायचं होतं. टेबलावर तिचं पत्रक अर्धवट पडलं होतं. औषधांच्या खोक्यात घडी घालून घालतात ती माहितीपत्रकं लिहिणं हे तिचं काम. या गोळीने काय काय होऊ शकतं, नेहमी, क्वचित, अगदी क्वचित. आई म्हणायची, बापलेक दोघांचा धंदा एकच, जगाचं काय वाईट होईल ते आधी लिहून ठेवायचं. फक्त तुझं कुणी वाचत नाही.

बाबांचं मात्र लोक वाचत. एका पिढीने तर शाळेच्या पुस्तकात लपवून वाचलं. बाबांचा नायक अथांग. त्याला उडता येत नव्हतं, त्याच्या अंगात दहा हत्तींचं बळ नव्हतं, त्याला फक्त सगळं कळायचं. एखाद्या दुकानाचं दार कोणी कसं लोटलं यावरून संध्याकाळी शहराच्या दुसऱ्या टोकाला काय होणार ते त्याला दिसायचं. बाबा लिहायचे, काढायचे, आणि फुग्यांतली अक्षरं ती घालायची, फ्रॉक घालायची तेव्हापासून, कारण बाबांचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. म्हणून बाबा तिला अक्षरबाई म्हणत. "अक्षरबाई, बोलण्याच्या फुग्याला टोकदार शेपूट, तोंडाकडे वळलेलं. मनातल्या फुग्याला शेपूट नाही, बुडबुडे. बुडबुड्यांना आवाज नसतो." आणि अथांगच्या मनातला फुगा नेहमी रिकामा. पांढरा, ढगासारखा, खाली तीन बुडबुडे, आत काही नाही. ती लहान असताना तिला वाटलं होतं की विसरले, आणि तिने एकदा त्या रिकाम्या जागेत आपल्या मनाने लिहून टाकलं, "अरेच्चा, आता काय करावं?" बाबा पोट धरून हसले. मग ब्लेडने ते खरवडून काढताना गंभीर होत म्हणाले, "तो माझ्याहून हुशार आहे गं. त्याच्या डोक्यात काय चाललंय ते मला कळलं असतं, तर मी कशाला तुझ्या आईची बोलणी खात इथे बसलो असतो? जे मला कळत नाही ते मी लिहिणार नाही. रिकामं सोडायचं. वाचणाऱ्याने बघावं आणि घाबरावं." आतून आई म्हणाली होती, "हो, सगळ्या जगाचं कळतं याला. शेगडीवर दूध उतू जातंय ते कळत नाही." तो ब्लेडचा आवाज, कागदाची उडणारी पूड, करपलेल्या दुधाचा वास. बालपण म्हटलं की हेच येतं, दुसरं काही नाही.

लिफ्ट यायला वेळ होता. काठीवाली भिंतीला टेकली आणि पाय ताणून उभी राहिली. तिच्या बोटांच्या पेरांत पांढरी पूड बसली होती, नखांच्या कडेला गुलाबी. "मूठ कुठे मिळाली हो ही?" हिने विचारलं. प्रश्न शक्य तितका सहज करायचा प्रयत्न केला आणि तो अजिबात सहज झाला नाही.

"आवडली? सगळे विचारतात. भावाने बसवली. त्याची सायकल मोडली आणि माझा पाय, दोन्ही एकाच महिन्यात. म्हणाला, सायकलचा उपयोग होऊ दे तरी." ती हसली. "मी स्कूटरवर होते. दातांच्या कारखान्यात आहे मी, कवळ्या बनवतात तिथे. दवाखान्यांत पोचवायचं काम तेव्हा माझं. एक म्हातारे गृहस्थ भर चौकात येऊन उभे राहिले, हात वर करून, पोलिसासारखे. त्यांना वाचवायला गेले आणि स्वतः आडवी झाले. खोकं फुटलं. मला आठवतं ते एवढंच, मी रस्त्यावर पडलेय आणि माझ्या डोळ्यांसमोर सगळीकडे कवळ्या. डांबरावर हसत पडलेल्या."

कवळ्यांचं बाबांनीही सांगितलं होतं. त्या दिवशी पोलीस चौकीतल्या बाकावर बसून ते हेच एक वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होते, सगळे दात हसत होते, सगळे दात हसत होते, आणि तिला वाटलं होतं, हेही त्यातलंच, आजारातलं. तिने त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं होतं, "हो बाबा. शांत व्हा." एक साधी, घडलेली, जगात असलेली गोष्ट माणूस सांगत होता आणि तिने ती भ्रमाच्या खात्यात टाकली होती. लिफ्टचं दार उघडलं. आतल्या आरशात तिला आपला चेहरा दिसला, बाबांचं नाक, बाबांची हनुवटी, आणि तिला भीती वाटली की काठीवालीलाही दिसेल.

ती या बाईला कधी भेटली नव्हती. हे साधं आहे आणि ते आता किती केलं तरी साधंच राहणार. वकील म्हणाले होते, संपर्क ठेवू नका, प्रकरण वाढतं. आई दोनदा म्हणाली, "अगं, जाऊन तर ये एकदा. पोरीचा पाय गेलाय." ती म्हणाली, "आई, वकील नको म्हणालेत." आणि मनात हायसं वाटलं होतं, वकील नको म्हणाले म्हणून. दुखापत झालेल्या बाईला चेहरा मिळाला नाही. ती 'स्कूटरवाली' राहिली, मग 'ते प्रकरण' झाली, आणि मग कागदावर बाबांनीही तिला चेहरा दिला नाही. का दिला नाही? त्यांनी तिला नीट पाहिलं नव्हतं म्हणून, असं आधी तिच्या मनात आलं. पण काठी तर पाहिल्याशिवाय काढता येत नाही. मुठीचं भोक कुणी मनाने काढत नाही.

अपघात झाला तेव्हा काठी नव्हती. काठी नंतर आली. म्हणजे बाबांनी तिला नंतर पाहिलं. म्हणजे ते पान आजाराच्या आधीचं नव्हतं, जसं ती आणि बाबांच्या गोष्टी छापणारे संपादककाका धरून चालले होते. ते नंतरचं होतं. लिफ्ट वर चढत होती आणि तिच्या मनात एकेक वस्तू आपली जागा सोडून दुसरीकडे जाऊन बसत होती.

काका काल फोनवर म्हणाले होते, "अक्षरबाई, उद्या संध्याकाळपर्यंत पान दे. छापखाना थांबलाय. शेवटचा अंक आहे, लोक वाट बघतायत." शेवटच्या पानाची गोष्ट अशी होती: अथांग स्वतः आरोपीच्या पिंजऱ्यात. आयुष्यात पहिल्यांदा त्याचा अंदाज चुकलाय, आणि त्याच्या चुकीने एक माणूस जायबंदी झालाय. त्याचा वकील सांगतो, की असल्या बुद्धीला माणसाच्या मापाने शहाणं म्हणताच येत नाही. जे कुणालाच दिसत नाही ते याला दिसतं, याला वेडा ठरवून सोडा. न्यायाधीश चष्मा काढून विचारतात, "हे तू केलंस का?" आणि शेवटच्या चौकटीत अथांगचा चेहरा, डोक्यावर एक फुगा. आत काही नाही. आणि फुग्याला खाली काहीच काढलेलं नाही. ना शेपूट ना बुडबुडे. काकांचं म्हणणं, बोलण्याचा फुगा कर आणि लिही, 'मला काही कळत नव्हतं.' म्हणजे अथांग इस्पितळात जाईल. आणि इस्पितळात गेलेला माणूस परत येऊ शकतो. दोन नवी पोरं आहेत, चांगलं काढतात, मालिका पुढे चालू राहील. "तुझ्या बाबांचं नाव चालू राहील गं. दार जरा उघडं ठेव, एवढंच म्हणतो मी. त्यांनीही ठेवलंच की जन्मभर."

ठेवलं होतं, खरंच. बाबांचा खलनायक म्हणजे गणिती. तोही अथांगइतकाच हुशार. हजार माणसं वाचवायची तर शंभर मारावी लागतात, असा त्याचा हिशेब, आणि तो हिशेब कधी चुकायचा नाही, हीच त्यातली भीती. दर वेळी तो पकडला जायचा, दर वेळी न्यायालय म्हणायचं हा वेडा आहे, दर वेळी त्याला इस्पितळात पाठवायचे आणि पुढच्या अंकात तो पळून यायचा. तिने एकदा, कॉलेजात असताना, चार पुस्तकं वाचून झाल्याच्या तोऱ्यात बाबांना विचारलं होतं, "तो वेडा कुठाय? तुम्ही काढलेला सगळ्यात शहाणा माणूस तोच. आपण काय करतो ते त्याला पूर्ण कळतं. तुम्ही त्याला वेडा म्हणून त्याचा अपमान करता." बाबांनी ब्रश पाण्यात बुडवला आणि बराच वेळ तसाच फिरवत राहिले. "मग काय करू? फाशी दिली तर पुढच्या महिन्यात काय छापू? वेडा म्हटलं की सोय होते. त्याचीही होते, माझीही होते." मग पाण्याकडे बघत म्हणाले, "वाईट सोय आहे, अक्षरबाई. कुणाला वेडा म्हणणं म्हणजे, तू जे केलंस ते तू केलंच नाहीस, असं म्हणणं. त्याचं तेवढं तरी त्याचं राहू द्यायला हवं." हे ते म्हातारपणी म्हणाले नव्हते. तेव्हा त्यांचे केस काळे होते, हात स्थिर होते, आणि तिने ते ऐकून दुसऱ्या दिवशी मैत्रिणींना आपलं म्हणून सांगितलं होतं.

लिफ्टचं दार उघडलं. वरच्या मजल्यावर खिडकीखाली एक बाक होता. काठीवाली बसली, हीही बसली. "तुम्हाला उशीर नाही ना होत?" काठीवालीने विचारलं. "नाही," ही म्हणाली, आणि मग एकदम, पाण्यात उडी मारावी तसं, "ते गृहस्थ माझे बाबा होते."

काठीवालीने तिच्याकडे पाहिलं. तोंडावर राग आला नाही. आधी कुतूहल आलं, मग ओळख पटावी तसं काहीतरी. "नाक," ती म्हणाली. "बरोबर. नाकावरून कळायला हवं होतं. कसे आहेत आजोबा?"

"गेले. फुप्फुसात पाणी झालं होतं."

"अगं बाई." काठीवालीने मुठीवरून अंगठा फिरवला. मग म्हणाली, "आले होते हो ते माझ्याकडे."

तो दिवस तिला माहीत होता. फक्त तो कशाचा दिवस होता ते माहीत नव्हतं. दुपारी आईचा ऑफिसात फोन आला, बाबा घरात नाहीत. ती चपला हातात धरल्यासारखी धावत सुटली, चौक, बाग, बस थांबा, पुन्हा चौक. संध्याकाळी ते इमारतीच्या फाटकाशी सापडले, कठड्यावर बसलेले, इस्त्रीचा शर्ट घातलेला, केस पाणी लावून बसवलेले. ती त्यांच्यावर ओरडली. मोठ्याने, रखवालदारासमोर, जसं पोरावर ओरडतात तसं. "कुठे गेला होतात? कळतं का तुम्हाला काही?" बाबा म्हणाले, "एके ठिकाणी काम होतं." ती म्हणाली, "तुम्हाला काय काम असणार आहे?" आणि दुसऱ्या दिवशी तिने सुतार बोलावून दाराला वर, त्यांचा हात पोचणार नाही अशी, कडी बसवून घेतली.

"इस्त्रीचा शर्ट होता," ती म्हणाली.

"हो ना. एकदम पाहुण्यासारखे. कारखान्यात विचारत विचारत पत्ता काढला म्हणे. बसा म्हटलं तर बसेनात. उभ्यानेच म्हणाले, मी तुमचा पाय मोडला. माझी चूक झाली. मला वाटलं मुलांवर बस येणार आहे, ते खोटं होतं, मला आता कळतंय ते खोटं होतं." काठीवालीने काठी दोन्ही हातांत आडवी धरली. "मला काय बोलावं सुचेना हो. आम्हाला पोलिसांनी सांगितलं होतं ना, डोक्याने बरे नाहीत, घरच्यांनी तसं सांगितलंय. म्हणून मी म्हटलं, आजोबा, तुम्ही नका वाईट वाटून घेऊ, तुम्हाला कुठे कळत होतं? तुमचा काही दोष नाही. चहा घेता का?"

"मग?"

"मग म्हणाले, तसं नका म्हणू. मला बोला. मला दोन शब्द बोला. मी म्हटलं, छे हो, तुम्हाला कशी बोलू? तर ते नुसते बघत राहिले माझ्याकडे. मग म्हणाले, काठी बघू. हातात घेऊन फिरवून फिरवून बघितली, या भोकात बोट घालून बघितलं. भावाचं कौतुक केलं. आणि गेले. चहा नाही घेतला." ती थांबली. "मी आपलं चांगलं बोलायला गेले."

"चांगलंच बोललात तुम्ही."

"कोण जाणे."

खिडकीतून खालचा रस्ता दिसत होता, माणसांची डोकी, छत्र्यांसारखी गोल, सरकणारी. इतक्या वरून कुणाचा चेहरा दिसत नाही. तिला चौकीतली ती खोली आठवत होती, पण आठवायची गरज नव्हती, ती सतत तिथेच होती. बाकीचं सगळं आयुष्य त्या खोलीच्या मागच्या बाजूला चाललं होतं. हिरवट भिंत. पंख्याला बांधलेली तार. अधिकारी चांगला माणूस होता, त्याच्या स्वतःच्या घरी एक म्हातारी होती. तो म्हणाला, "ताई, तुम्ही एवढंच सांगा की यांना कळत नाही. डॉक्टरांचा कागद आहेच. विषय संपला, घरी घेऊन जा." बाबा बाकावर होते, चार हात अंतरावर. त्या वेळी त्यांचे डोळे स्वच्छ होते. ते तिला दिसलं होतं, तिने तोंड फिरवण्याच्या आधी. आजार असा चोवीस तास कुठे असतो, तो येतो-जातो, विजेसारखा. बाबा म्हणाले होते, "साहेब, माझ्याशी बोला. मी केलंय." आणि तिने बाबांच्या आवाजावर आपला आवाज ठेवून म्हटलं, "त्यांना कळत नाही." एवढंच. तीन शब्द. खोटेही नव्हते पुरते. बाबांनी तिच्याकडे पाहिलं. रागाने नाही, दुःखाने नाही. एखादी जुनी ओळखीची गोष्ट भलत्याच ठिकाणी भेटावी तसं. आणि म्हणाले, "वा. चांगली सोय आहे."

मग तिला वाटत आलं की आपण त्यांना वाचवलं. वाचवलंच होतं. कोर्टात, गजांआड, त्या वयात, काय झालं असतं? दुसरं काही करता आलं असतं असं आजही तिला प्रामाणिकपणे म्हणता येत नव्हतं. पण बाहेर काढून आणता येतं आणि मग घरी येऊन सांगता येतं, बाबा, ते मी साहेबांसाठी म्हटलं. मला माहीत आहे तुम्हाला कळतं. ते राहिलं. तिने ते बाहेर म्हटलं आणि घरातही तेच धरून चालली. जेवताना, औषध देताना, कडी लावताना.

"एक विचारू?" ती म्हणाली. "तुम्हाला राग नव्हता आला?"

काठीवालीने लगेच नाही म्हणायला तोंड उघडलं, आणि मिटलं. "खरं सांगू? आला होता. पाय ठणकायचा ना, तेव्हा फार यायचा. स्कूटर होती माझी, ताई. सगळं शहर माझं होतं. आता दिवसभर बसून दुसऱ्यांच्या दातांना पॉलिश करते." तिने बोटांवरची पूड अंगठ्याने चोळली. "पण ज्याला कळतच नाही त्याच्यावर रागवून काय करायचं? तो त्याच्यापर्यंत पोचणार कुठे? मग तो राहिला तसाच. माझ्याकडेच."

"त्यांना कळत होतं," ती म्हणाली. "तुमच्याकडे आले तेव्हा त्यांना सगळं कळत होतं."

काठीवालीने आडवी धरलेली काठी जमिनीवर उभी केली. मग काठीवाली हळू आवाजात म्हणाली, आणि त्यात पहिल्यांदा थोडी धार होती, "मग तेव्हा सांगायचंत की ताई. मी बोलले असते ना त्यांना. चांगलं ऐकवलं असतं. त्यांनाही बरं वाटलं असतं आणि मलाही." आणि काठी टेकून ती उठली.

"आता मला बोला," असं म्हणावं असं हिच्या जिभेवर आलं. पण तो शब्द तिचा नव्हता. बाबांचा होता, आणि बाबांनी तो योग्य वेळी, इस्त्रीचा शर्ट घालून, योग्य दारात जाऊन म्हटला होता. तिने नुसता आपला पत्ता सांगितला, आणि म्हणाली, "त्यांनी तुमची काठी काढलीय. चित्रात. बघायला याल?" काठीवाली म्हणाली, "चेहरा काढलाय?" "नाही." "मग ठीक आहे. येईन कधीतरी," आणि जिन्याकडे नाही, लांबच्या दाराकडे टकटक करत गेली.

ती ऑफिसात परत गेली नाही. चालत घरी आली. रस्त्यात तिला एकसारखं वाटत होतं की माणसांच्या डोक्यांवर फुगे आहेत, पांढरे, रिकामे, प्रत्येकाच्या, आणि आपण त्यांना सरसकट खाली तीन तीन बुडबुडे काढत चाललोय. आईने दार उघडलं. वरची कडी अजून होती, कुणी काढली नव्हती. आता ती लागत नव्हती, नुसती लोंबत होती. "लवकर आलीस? बरं नाही का?" आई म्हणाली. "काकांचा फोन येऊन गेला. फुगा फुगला का विचारत होते. मी म्हटलं, ती काय टायरवाली आहे?" ती हसली, आणि हसताना दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली.

बाबांच्या टेबलाशी अजून त्यांची उशी होती, बसून बसून बाबांच्या आकाराची झालेली. तिने दिवा ओढून जवळ घेतला. बाहेर अजून ऊन होतं पण बाबांचा नियम होता, अक्षरं दिव्याखालीच. पान तेच होतं. पहिल्या रांगेतली बाई, तिला चेहरा नाही. पण आता तिला दिसलं की जिथे चेहरा असायचा तिथला कागद खरबरीत आहे. तिने बोट फिरवलं. ब्लेड. बाबांनी चेहरा काढला होता आणि खरवडून टाकला होता. ज्या चेहऱ्याने त्यांना सांगितलं होतं की तुमचा काही दोष नाही, तो त्यांना ठेवता आला नव्हता. आणि रागावलेला चेहरा त्यांना कुणी दिला नव्हता. शेवटी नुसती काठी ठेवली, जशीच्या तशी.

आणि हा फुगा. इतके दिवस ती समजत होती की हात थकला, शेपूट राहिलं. पण थकलेला माणूस मुठीचं भोक काढत नाही. शेपूट काढलं की अथांग बोलणार. बुडबुडे काढले की गप्प बसणार, नेहमीसारखा अथांग, अगाध, कुणाच्याही आवाक्याबाहेर. त्यांनी ते ठरवलं नाही. की ठरवायचा हक्क आपल्याला उरलेला नाही असं त्यांना वाटलं? एकदा त्यांनी तोंड उघडलं होतं, आणि त्यांच्या बोलण्यावर दुसरा आवाज येऊन बसला होता, तोही घरचा. अक्षरं नेहमी अक्षरबाईच घालते. ते तिच्यावर सोडून गेले होते. भरवशाने की कंटाळून, हे तिला कळत नव्हतं, आणि ते कळणार नव्हतं, तेवढी जागा आता रिकामीच राहणार होती.

तिने नवी बाटली उघडली. निब बुडवून बाटलीच्या कडेला एकदा निथळली. आधी शेपूट काढलं, टोकदार, बारीक, अथांगच्या मिटलेल्या ओठांकडे वळलेलं. रेघ ओढल्यावर असं वाटलं की ओठ उघडले. मग आत, मधोमध, सरळ, तिरकं न करता लिहिलं: हो. मी केलं. मला कळत होतं.

एवढंच. फुगा मोठा होता, अक्षरं त्यात लहान दिसत होती. काका ओरडतील, मालिका इथे संपेल, दोन नवी पोरं दुसरं काहीतरी काढतील. आई मागे येऊन उभी राहिली होती. तिने चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि वाचलं. मग पुन्हा वाचलं.

"हे त्यांनी लिहून ठेवलं होतं?" आईने विचारलं.

"नाही. म्हणाले होते. चौकीत."

आईने चष्मा पुन्हा कपाळावर सरकवला. तिने हात पुढे केला आणि खुर्चीच्या पाठीवरची, बाबांची, कोपरं विरलेली शाल नीट केली, जशी ती असायची तशी. "म्हणजे आता आत घालणार त्याला," ती शेवटी म्हणाली.

"हो."

"बरं. बसू दे."

शाई ओली होती, दिव्याखाली चमकत होती. लहानपणी ती फुंकर मारायची आणि बाबा म्हणायचे, फुंकू नकोस, अक्षरबाई, पसरतं. त्याचं त्याला वाळू दे. तिने तोंड जवळ नेलं होतं. ते मागे घेतलं, हात मांडीवर ठेवले, आणि अक्षरांवरची चमक एकेक करून जाईपर्यंत तशीच बसून राहिली.